बाळ झोपेत सारखं पालथं पडतंय? आधी काय तपासायचं आणि कशाच्या नादी लागायचं नाही

माझा धंदा एसी-फ्रिज दुरुस्तीचा. रात्री अकराला फोन वाजला की मी धरूनच चालतो, कुणाचा तरी फ्रिज बंद पडलाय. पण गेली सात-आठ वर्षं यातले बरेचसे फोन बाळांचे असतात. आधी माझ्या दोन मुली झाल्या, मग ताईचा मुलगा, मग मेव्हण्याची जुळी, मग बिल्डिंगमधली दोन-तीन, आणि प्रत्येक घरात चौथा-पाचवा महिना लागला की तेच गाऱ्हाणं, "दादा, पाठीवर झोपवलं की दहा मिनिटांत पालथं पडतंय, आम्ही दोघं आळीपाळीने रात्रभर सरळ करत बसतोय, काय करू". मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. पहिल्या मुलीच्या वेळी आमच्या बालरोग डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास समोर बसवून जे समजावलं ते डोक्यात पक्कं बसलं, नंतर प्रत्येक घरी जाऊन तेच तपासत गेलो, आता एकदाच सगळं लिहून टाकतो म्हणजे पुढच्या फोनला नुसतं हे पाठवता येईल.

बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा हृदयाचा, फुप्फुसाचा, जबड्याचा काही त्रास असेल तर हे वाचा जरूर, पण तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

लक्षणं

लोक फोनवर जे सांगतात ते साधारण असं असतं:

- पाठीवर ठेवलं, डोळा लागला, थोड्या वेळाने बघतो तर पालथं. कधी गाढ झोपलेलं, कधी मान वर करून रडतंय.
- पालथं पडता येतं पण परत सरळ होता येत नाही. एक हात अंगाखाली अडकतो आणि मग भोंगा.
- सकाळी बाळ गादीच्या कडेला, डोकं पाळण्याच्या दांड्याला टेकलेलं, नाहीतर भिंत आणि गादीच्या मधे.
- दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं असतं तरी अर्धं कुशीवर झालेलं, किंवा दुपटं सुटून तोंडावर आलेलं.
- झोळीत किंवा पाळण्यात एका बाजूला कलंडून नाक कापडाला चिकटलेलं.
- आईबापाचे डोळे लाल.

शेवटचं लक्षण गमतीत लिहिलेलं नाही. चार रात्री न झोपलेली आई दूध पाजता पाजता सोफ्यावर बाळ छातीवर घेऊन झोपून जाते, आणि बाळ पालथं पडण्यापेक्षा हा प्रकार कितीतरी जास्त धोक्याचा आहे.

आता यातलं बिघाड काय आणि नॉर्मल काय. फ्रिज मधेच कट-ऑफ होऊन गप्प बसला की लोक घाबरून फोन करतात, तो बिघाड नसतो, फ्रिज काम करतोय म्हणून गप्प झालेला असतो. बाळाचं तसंच आहे. साधारण चार ते सहा महिन्यांत, काही पोरं तिसऱ्यातच, कुशीवर वळायला आणि पालथं पडायला लागतात. ते थांबवायचं नाही आणि थांबवता येतही नाही. बिघाड असतो तो बाळ वळून जिथे पोचतं त्या जागेत. म्हणून खालच्या तपासण्यांतल्या बहुतेक जागेच्या आहेत, आणि पहिल्या तीनला एक रुपया लागत नाही.

पहिली: झोपवताना पाठीवरच, प्रत्येक वेळी, प्रत्येकाने

रात्रीची झोप, दुपारची डुलकी, आजोळी, पाळणाघरात, सगळीकडे पाठीवरच ठेवायचं, वर्षाचं होईपर्यंत. कुशीवर ठेवलं तर चालेल का असं सगळ्या आज्या विचारतात. नाही चालत, कारण कुशीवरचं बाळ अधांतरी असतं, जरा हललं की पोटावर पडतं.

आजीचा दुसरा प्रश्न ठरलेला, "अगं पण उलटी झाली तर ठसका लागून गुदमरेल ना?" माझ्या सासूबाईंनी हे मला इतक्या वेळा विचारलं की शेवटी मी पाइपचं उदाहरण दिलं. बाळ पाठीवर असतं तेव्हा श्वासनलिका वरच्या बाजूला असते आणि अन्ननलिका तिच्याखाली. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायचं तर त्याला वर चढावं लागतं. पोटावर झोपवलं की गणित उलटं होतं, श्वासनलिका खाली येते आणि दूध उतारानेच तिच्या तोंडाशी येतं. सासूबाईंना पटलं की नाही माहीत नाही पण वाद संपला.

हे काही आमच्या डॉक्टरीणबाईंच्या मनचं नव्हे. इंग्लंडमध्ये १९९१ ला आणि अमेरिकेत १९९४ ला बाळांना पाठीवर झोपवा अशी मोहीम काढली, त्यानंतरच्या वर्षांत अमेरिकेत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. आपल्याकडे असले आकडे कुणी घरोघरी सांगत नाही, पण बाळाचं नाक आणि नळ्या तिथल्यासारख्याच इथेही आहेत.

"प्रत्येकाने" हा शब्द मुद्दाम घातलाय. घरी कायम पाठीवर झोपलेलं बाळ एखाद्या दिवशी मावशीने किंवा पाळणाघरातल्या ताईंनी "पोटावर शांत झोपतं" म्हणून पालथं झोपवलं तर धोका जास्तच वाढतो, कारण त्याला त्या स्थितीची सवयच नसते. आम्ही ताईच्या घरी पाळण्याच्या वर चक्क कागद चिकटवला होता, "मला उताणं ठेवा".

मग वळल्यावर काय? याचं उत्तर सरळ आहे. बाळाला दोन्हीकडून वळता येत असेल, म्हणजे उताण्यावरून पालथं आणि पालथ्यावरून परत उताणं, तर झोपेत ते ज्या स्थितीत जाईल तसं राहू द्या, उठून सरळ करत बसू नका. फक्त एकाच बाजूने येत असेल तर तुम्हाला दिसलं की हळूच सरळ करा, पण त्यासाठी गजर लावून रात्रभर पहारा द्यायची गरज नाही. अट एकच, जागा पुढच्या तपासण्यांत पास झालेली पाहिजे.

दुसरी: अंथरूण रिकामं करा

मी कुणाच्याही घरी गेलो की आधी पाळण्यातलं सगळं बाहेर काढून कॉटवर ढीग लावतो. त्या ढिगात काय काय निघतं बघा: राईची उशी, दोन छोटे लोड, आत्याने शिवलेली गोधडी, तीन दुपटी, टेडी, खुळखुळा, पाळण्याच्या कडेला बांधलेला गुबगुबीत पट्टा, आणि एकदा तर टीव्हीचा रिमोट. यातलं काहीही झोपताना आत नको. जे बाळ हलत नव्हतं त्याच्यासाठी लोड लांब होता, जे बाळ वळतं ते थेट त्या लोडाला नाक लावून थांबतं आणि तिथून मागे यायला त्याला जमत नाही. मऊ वस्तूत तोंड खुपसलं की सोडलेला श्वासच परत परत आत घेतला जातो, त्यात ऑक्सिजन कमी कमी होत जातो, आणि एवढुशा बाळाची मान उचलून बाजूला करण्याची ताकद कधी पुरते कधी नाही.

राईच्या उशीवरून भांडण होणार हे गृहीत धरा. डोकं गोल व्हावं म्हणून ती असते, भावना चांगली आहे. डोकं मागून चपटं होऊ नये म्हणून दोन गोष्टी करता येतात. झोपवताना आज डोकं गादीच्या या टोकाला आणि उद्या त्या टोकाला ठेवायचं, म्हणजे दरवाज्याकडे नाहीतर आईकडे बघायला बाळ मान दोन्हीकडे फिरवतं. आणि जागेपणी पोटावर ठेवायचं, ते पुढे येतंच. उशी वर्षभर तरी कपाटात.

आता अंगावरचं. गळ्यातला काळा दोरा, ताईत, मण्यांची माळ, चोखणीची दोरी, हे सगळं झोपताना काढा, वळणाऱ्या बाळाच्या गळ्याशी दोरी नको म्हणजे नको. कमरेचा करगोटा राहू दे, पण सैल होऊन वर सरकत नाही ना बघा. चोखणी स्वतः चालते, दोरीशिवाय. कुंची आणि कानटोपी घरात झोपताना नको. ताईच्या मुलाची कुंची वळताना मागून फिरून पुढे आली आणि नाकापर्यंत झाकलं, नशीब ताई जागी होती. डोक्यातून बाळाची उष्णता बाहेर पडत असते, घरात टोपी घातली की ते तापतं, आणि जास्त तापणं हाही झोपेतला एक धोकाच आहे.

मेणकापड ठेवायचं असेल तर चादरीखाली, ताणून, चारी कडा गादीखाली खोचून. सुटं वर ठेवलेलं मेणकापड वळताना गोळा होऊन तोंडाला चिकटतं. चादर पण एकच, घट्ट.

तिसरी: दुपट्यात गुंडाळणं बंद

पहिले दोन महिने घट्ट गुंडाळलेलं बाळ छान झोपतं, ते खरंच आहे. पण कुशीवर व्हायचा पहिला प्रयत्न दिसला, पाय वर घेऊन बाजूला टाकायला लागलं, की त्या दिवसापासून दुपट्यात बांधणं बंद, एक हात बाहेर एक आत असलाही मधला मार्ग नको. कारण साधं आहे. पालथं पडल्यावर तोंड वर उचलायचं तर दोन्ही हातांनी जमीन ढकलावी लागते. हात बांधले की ढकलणार कशाने.

सवय मोडायला तीन-चार रात्री वाईट जातात. बाळ दचकतं, हात उडतात, जागं होतं. ते दचकणं पण साधारण चार ते सहा महिन्यांत आपोआप कमी होतं. मेव्हण्याच्या जुळ्यांपैकी एकीने दोन रात्रीत सोडलं आणि दुसऱ्याने आठवडा घेतला, एकाच घरात एकाच दिवशी जन्मलेली, त्यामुळे "शेजारच्यांच्या बाळाला तर दोन दिवसांत" हे ऐकून घेऊ नका.

थंडी वाजेल म्हणून पांघरूण पाहिजे असं वाटत असेल तर पांघरुणाऐवजी अंगावरचे कपडे वाढवा. मोठ्या माणसाला जेवढं लागतं त्यापेक्षा फार तर एक थर जास्त. पूर्ण बाह्यांचं झबलं आणि पायजमा पुरतो, नाहीतर बिनबाह्यांची झोपायची पिशवी मिळते जिच्यात हात मोकळे राहतात. गरम होतंय का हे हातपायांवरून कळत नाही, ते थंडच लागतात. छातीला नाहीतर मानेच्या मागे हात लावून बघा, घामेजलेलं असेल तर एक थर काढा. पंखा चालतो. एसी चालतो, आमच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, २४ ते २६ वर ठेवा, झोत बाळावर थेट नको, आणि वर्षभर न धुतलेला फिल्टर आधी धुवा.

चौथी: गादी

इथून थोडा खर्च सुरू होतो, पण कमीच. गादीवर तळहात दाबून उचला. हाताचा खळगा तसाच राहिला तर ती गादी बाळासाठी बाद. आपल्याकडच्या कापसाच्या गाद्या वर्ष-दोन वर्षांत मधे बसतात, कडा उंच आणि मधे खड्डा होतो, बाळ वळलं की खड्ड्यात घरंगळतं आणि तोंड उताराला लागतं. पिंजून घेतली तर उलट आणखी मऊ होते. माणसाला जी गादी कडक म्हणून नकोशी वाटते ती बाळाला बरोबर. काथ्याची, म्हणजे कॉयरची, तीन-चार इंचाची गादी गल्लीतला गादीवाला पाळण्याच्या मापाने करून देतो. माप मात्र चोख. गादी आणि पाळण्याच्या बाजूमधे दोन बोटांपेक्षा जास्त फट राहिली तर तिथे तोंड अडकू शकतं.

सोफा, बीन बॅग, हवा भरायची गादी, मोठ्या माणसाची दहा इंची फोमची गादी, ही झोपवायची जागाच नाही. कारच्या सीटमध्ये किंवा झुलत्या खुर्चीत झोपलं तर घरी पोचल्यावर उचलून सपाट जागी ठेवा, कारण बसत्या स्थितीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते.

पाचवी: पाळणा, झोळी, कॉट की जमीन

झोळीचं बोललं की लोक दुखावतात. मी स्वतः साडीच्या झोळीत वाढलोय, आई शेतात आणि मी बांधावरच्या आंब्याला टांगलेला. पण जे बाळ वळतं त्याला झोळी नाही. झोळीत पाठ कमानीसारखी वाकते, हनुवटी छातीवर येते, दोन्ही बाजूंनी कापड तोंडाजवळ, आणि वळलं तर एक तर नाक कापडात नाहीतर बाळ बाहेर. डोळ्यासमोर असताना पाच मिनिटं झुलवून शांत केलं आणि मग सपाट जागी ठेवलं इतपत ठीक.

पाळण्याची बाब थोडी वेगळी. टेप घ्या आणि दांड्यांमधलं अंतर मोजा, सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. टेप नसेल तर कोल्ड्रिंकचा टिनचा डबा दांड्यांमधून घालून बघा, गेला तर अंतर जास्त आहे. घराण्याचा जुना लाकडी पाळणा सुंदर असतो, पण त्यात हे अंतर हमखास जास्त निघतं आणि बाळाचं अंग जाऊन डोकं अडकेल इतकं असतं. दुसरं म्हणजे झुलण्याची खुंटी. वळणारं बाळ पाळण्यात एका बाजूला गेलं की पाळणा त्या बाजूला झुकतो, झुकला की बाळ उठूच शकत नाही. रात्री खुंटी लावून पाळणा स्थिर करायचा, खुंटीच नसेल तर रात्री त्यात झोपवू नका. आणि खरं सांगायचं तर वळायला लागलं की झुलत्या पाळण्याचे दिवस संपतच आलेले असतात, हातापायांवर उठायला लागण्याआधी तो बंद करून चार पायांवर उभ्या, उंच कठड्याच्या कॉटमध्ये किंवा जमिनीवर आणायचं.

मोठ्या कॉटवर भोवती उशांचा कोट बांधून बाळाला मधे ठेवतात, मला सगळ्यात राग या प्रकाराचा येतो. पडू नये म्हणून उशा लावल्या आणि त्याच उशीत तोंड गेलं. भिंतीला कॉट टेकवून "तिकडून पडणार नाही" म्हणणं पण तसंच, रोज जरा जरा कॉट सरकते आणि भिंतीजवळ चार बोटांची फट तयार होते.

आमचं घर वन-आरके होतं तेव्हा मोठीसाठी आम्ही जमीनच वापरली. भिंतीपासून दोन-तीन फूट लांब, खाली सतरंजी, वर पातळ कडक गादी, चादर घट्ट. बाळ घरंगळून फरशीवर आलं तरी दोन इंचावरून येतं. फक्त त्या उंचीवरून खोली एकदा बघून घ्या, स्वतः पालथे झोपून. चार्जरच्या वायरी, पडद्याची दोरी, खाली पडलेलं नाणं, मोठ्या पोराचे मणी, सगळं तिथूनच दिसतं. गावाकडे विंचू-किड्याची भीती असेल तर जमीन नको, कठड्याची कॉटच बघा.

मच्छरदाणी छत्रीवाली असेल तर नीट बघा. वळणारं बाळ ती ढकलतं, काडी दुमडते आणि जाळी तोंडावर येते. वरून टांगलेली, बाळाच्या अंथरुणाच्या बऱ्याच बाहेर खोचलेली मोठी मच्छरदाणी बरी. बाळाच्या खोलीत कॉइल जाळू नका, धुरी पण नको, आणि घरात विडी-सिगारेट ओढणारं कुणी असेल तर त्याला घराबाहेर पाठवा, वयाचा मान नंतर ठेवता येईल. धूर हा या सगळ्यातला मोठा धोका आहे आणि फुकटात बंद होणारा आहे.

शेजारी झोपवण्याबद्दल. सगळ्यात चांगलं म्हणजे एकाच खोलीत पण बाळाचं अंथरूण वेगळं, निदान पहिले सहा महिने. एका खोलीत पाच माणसं झोपतात तिथे हे सांगणं सोपं नाही, मला माहितीये. तरी हाताच्या अंतरावर त्याची स्वतःची छोटी गादी टाकता येते, पाजायला ओढून घ्यायचं आणि परत ठेवायचं. पण कुणी प्यायलेलं असेल, तंबाखू-सिगारेटवालं असेल, झोपेचं किंवा गुंगी आणणारं औषध घेतलं असेल, किंवा बाळ कमी वजनाचं, वेळेआधीचं असेल, तर एका अंथरुणात अजिबात नाही. दोन मोठ्यांच्या मधे नाही, आणि तीन वर्षांच्या ताईच्या शेजारी तर नाहीच, ती झोपेत लाथा मारते.

सहावी: दिवसा सराव

ही तपासणी अवघड अशासाठी की यात रोज वेळ द्यावा लागतो आणि फरक दिसायला आठवडे जातात. पण "पालथं पडतं, परत येत नाही, रडतं" या तक्रारीवर खरा इलाज हाच. बाळ जागं असताना, तुम्ही समोर असताना, पोटावर ठेवायचं. जन्मापासूनच दिवसातून दोन-तीन वेळा, तीन ते पाच मिनिटं, आणि हळूहळू वाढवत सात आठवड्यांच्या आसपास दिवसभरात मिळून १५ ते ३० मिनिटं. दूध पाजल्या पाजल्या नको. मालीशवाल्या मावशी बाळाला पायांवर पालथं घेतात तेव्हा आपसूक सराव होतोच, त्यांना म्हणायचं दोन मिनिटं जास्त ठेवा. काही बाळांना जमीन आवडत नाही, त्यांना बापाच्या पोटावर पालथं ठेवा, माझ्या धाकटीला तेच चालायचं, माझी दाढी ओढायला मान वर करायची.

परत वळायला शिकवताना खुळखुळा तोंडासमोर धरून हळूहळू खांद्याच्या बाजूला आणि वर न्यायचा, मान फिरते, मग खांदा, मग कंबर. अडकलेला हात तुम्ही एकदा काढून द्या, दुसऱ्यांदा जरा थांबा. ताईच्या मुलाचं मी वहीत लिहून ठेवलं होतं, सवय आहे धंद्याची. पहिल्या रात्री तिने त्याला अकरा वेळा सरळ केलं. दिवसा सराव सुरू केल्यावर सोळाव्या दिवशी तो स्वतः उताणा झाला, दुपारी दोनला, आणि त्या रात्री ताई पहिल्यांदा सलग पाच तास झोपली.

पैसे घालू नका असं

बाळ हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना लावायचे फोमचे ठोकळे, डोकं उंच ठेवणारी उतरती गादी, वजन भरलेली झोपायची पिशवी. ठोकळ्यांत तोंड अडकतं, उतारावर बाळ घसरून हनुवटी छातीला लागते, वजनाने छाती दाबते. अमेरिकेत तर २०२२ च्या कायद्याने गुबगुबीत कठडा-पट्टे आणि दहा अंशांपेक्षा जास्त उताराची बाळाची झोपायची साधनं विकायलाच बंदी केली. इथे ऑनलाइन सगळं मिळतं आणि फोटोत गोड दिसतं. पायाला लावायचे ऑक्सिजन दाखवणारे मोजे घेतले तर तुमची मर्जी, पण त्यामुळे झोपेतला धोका कमी होतो असं दिसलेलं नाही, आणि खोटा अलार्म वाजून दोनदा दवाखाना गाठलेलं एक घर मला माहितीये.

इथे थांबा, डॉक्टरकडे जा

कॉम्प्रेसर गेला की मी गिऱ्हाईकाला सांगतो, आता स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. तसंच.

ताबडतोब १०८ लावा किंवा जवळचा दवाखाना गाठा: ओठ किंवा जीभ निळी-काळी पडली, श्वास वीस सेकंदांच्या आसपास थांबला, बाळ लुळं पडलं किंवा हलवून जागं होत नाही, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, प्रत्येक श्वासाला कण्हतंय. अगदी लहान बाळाचा श्वास पाच-दहा सेकंद थांबून परत भरभर चालतो, रंग नीट असतो, ते बहुतेक वेळा नॉर्मल असतं, तरी पुढच्या लसीच्या वेळी विचारा. श्वासच नसेल तर फोन स्पीकरवर ठेवून सांगतील तसं छाती दाबणं आणि श्वास देणं सुरू करायचं. ते वाचून येत नाही, बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्सताईंना बाहुलीवर शिकवा म्हणून सांगा, आम्ही नवरा-बायको दोघांनी शिकून घेतलं.

एक-दोन दिवसांत दाखवा: बाळ नेहमी एकाच बाजूने वळतं आणि दुसरी बाजू वापरतच नाही, एक हात किंवा पाय मागे राहतो, चौथा महिना संपला तरी मान धरत नाही, सातव्यातही वळायचा प्रयत्न नाही, किंवा वळत होतं ते थांबलं. अंग फार कडक किंवा फार ढिलं लागतं. रोज रात्री मोठ्याने घोरतं. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय जन्मतारखेवरून न धरता डॉक्टर दुरुस्त करून धरतात, तेवढं लक्षात ठेवा. खाजगी परवडत नसेल तर आशाताईंना सांगा, त्या तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात घरी येतातच, आणि वाढीत अडचण वाटली तर सरकारी बालस्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्ह्याच्या तपासणी केंद्रात पाठवतात.

कॉटवरून पडलं तर: लगेच रडलं, दहा मिनिटांत खेळायला लागलं, दूध पितंय, तरी सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर फोन करून विचारा. शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी, नको त्या वेळी पेंगतंय, टाळू फुगलेली, कानातून किंवा नाकातून रक्त-पाणी, झटका आला, तर फोन करत बसू नका, उचला आणि निघा. आणि पडल्यावर डोक्याला हळद लावून झोपवू नका, आधी डॉक्टरांना बघू द्या.